धूळ बसलेले रंधे

३ फेब्रुवारी

सव्वीस वर्षं रोज दुपारी चारच्या आत बाजारभावाचं सदर लिहून दिलं. तेल, डाळी, लोखंड, सिमेंट. बारा ओळी. मागणी चांगली, आवक कमी, भाव टिकून. गेल्या महिन्यात सदर बंद झालं. भाव आता फोनवर दिसतात, त्यासाठी माणूस लागत नाही, असं संपादकांनी चांगल्या शब्दांत सांगितलं. चार वाजले की हात मात्र अजून वळवळतो. म्हणून ही वही.

ही म्हणाली, "लिहा काय हवं ते. पण संध्याकाळी मला बसवून वाचून दाखवू नका."

६ फेब्रुवारी

दाढ दुखत होती. दातांच्या डॉक्टरांकडे पाऊण तास बाहेर बसावं लागलं. तिथे भिंतीला काचेचं कपाट आहे आणि त्यात एकोणीस रंधे मांडून ठेवलेत. लोखंडी, लाकडी, आखूड, लांब. आमच्या घरात वडील सुतार, मोठा भाऊ सुतार. खिळा सरळ न जाणारा मी एकटाच. तरी लाकूड तासायचा रंधा मी ओळखतो. तो दवाखान्यात का, हे कळेना.

खुर्चीत तोंड उघडं ठेवूनच विचारलं. डॉक्टरांना अशी भाषा कळत असावी.

"जमवतो मी," ते म्हणाले. "डावीकडचा पाच वर्षांपूर्वी आठशेला घेतला. परवा एकजण सहा हजार द्यायला तयार होता. हाकलून दिला."

"एवढे कसे चढले?"

"बनवणारे गेले, वापरणारे गेले. आता फक्त घेणारे उरलेत. मोठा आ करा."

वाक्य चांगलं आहे. सदरात चाललं असतं.

९ फेब्रुवारी

वहिनीच्या कारखान्यात गेलो. दादा गेल्यावर, म्हणजे अडीच वर्षांत, पहिल्यांदाच. टायरच्या दुकानामागची तीच लांब खोली, तोच सरसाचा वास. दादा होता तेव्हा दोघं मिळून काम करायची. आता ती एकटी करते. जुन्या दारं-खिडक्यांची दुरुस्ती जास्त. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असते आणि पेन्सिलही ती तासते पटाशीच्या धारेने.

वडिलांची पेटी टेबलाखाली आहे. आत चौदा रंधे, प्रत्येकासाठी वडिलांनी त्याच्या मापाचा कप्पा केलेला. मी विषय काढला. वापरात नसलेले विकू, निम्मे पैसे तुझे, असं सांगितलं. यंत्राच्या आवाजाने तिचा एक कान गेलाय, म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं.

"पहिल्याच वेळी ऐकू आलं मला," ती म्हणाली. चहा ठेवला. मग म्हणाली, "पेटी तुमच्याही वडिलांची आहे, भावजी. न्या."

"पण कोणता लागतो, कोणता नाही, ते सांग ना."

"लागायचं काय. कधी लागतो, कधी नाही."

यातून काही ठरेना. तेव्हा कसोटी मीच ठरवली. रंध्यावरून बोट फिरवायचं. धूळ लागली तर तो वापरात नाही. चौदांपैकी नऊ निघाले. पद्धत साधी आहे आणि तिच्यात कोणाची बाजू घेतली जात नाही.

घरी हिला सांगितलं. ही बराच वेळ कपड्यांच्या घड्या करत राहिली. "मीच म्हटलं होतं वहिनींना, यांना कसला तरी नाद लागू दे. पण असला नाद नव्हतं म्हटलं मी."

१४ फेब्रुवारी

पहिला व्यवहार, पहिली चूक. लोखंडी रंधा तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून आरशासारखा केला आणि डॉक्टरांपुढे ठेवला. त्यांनी माझी दाढ पाहून केलं नव्हतं तसं तोंड केलं.

"अहो, तुम्ही याचं वय खरवडून टाकलंत! हाताचा डाग, गंज, त्याचेच पैसे असतात. दिसतं ते जसंच्या तसं ठेवायचं."

निम्म्यात दिला. धडा स्वस्तात मिळाला म्हणायचा.

२ मार्च

आज नक्षीचा रंधा. हा लाकडी आहे. याचं बूड सपाट नसून नक्षीच्या आकाराचं असतं. लाकडावरून फिरवला की चौकटीच्या कडेला तीच नक्षी उमटत जाते. ज्याच्याकडे रंधा येतो तो तोंडाकडच्या बाजूला आपलं नाव ठोकतो. यावर तीन नावं आहेत. पहिलं कोणाचं कोणास ठाऊक, दुसरं वडिलांचं, तिसरं दादाचं.

वरून हात लावला नाही. मुठीपाशी दादाच्या घामाचा काळा डाग आहे, तोही ठेवला. बुडाला मात्र मेणाचा आणि मळाचा थर होता. ते काही दिसत नाही, म्हणून दोन पॉलिश पेपर घेऊन अर्धा तास घासून स्वच्छ केलं. सगळंच मळकट द्यायचं हे बरं दिसत नाही.

पेटीतून काढताना वहिनी म्हणाली, "तोच नेताय?"

"त्यावर बोटभर धूळ आहे."

"असेल," ती म्हणाली आणि वळून सरस ढवळायला लागली.

डॉक्टरांनी नावं भिंगातून पाहिली आणि नऊ हजार दिले. निम्मे पाकिटात घालून वहिनीला नेऊन दिले. तिने पाकीट उघडलं नाही. हात सरसाचे होते.

१० मार्च

हातभर लांबीचा रंधा गेला. फळ्यांच्या कडा सरळ करायचा. सात हजार. पाकीट दिलं. चहा झाला.

१९ मार्च

एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांकडे रंधा आहे असं कळलं, म्हणून गेलो. त्यांनी माळ्यावरून खोका काढला. आत तेलकट कागदात गुंडाळलेला लोखंडी रंधा. एकदाही न वापरलेला. निवृत्त झाल्यावर सुतारकाम शिकायचं म्हणून चाळीस वर्षांपूर्वीच घेऊन ठेवला, निवृत्त झाले, आणि मग गुडघे गेले.

चार हजार म्हणाले. मी साडेचार दिले, म्हणजे नंतर मनाला लागत नाही. हा विकायचा नाही, ठेवायचा. पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. हिने विचारलं, "आणि हा करतो काय?"

"चढतो," मी म्हणालो.

८ एप्रिल

रविवारच्या पुरवणीत लेख छापून आला : जुन्या हत्यारांच्या बाजारातली तेजी. तीन महिन्यांनी नाव छापलेलं पाहिलं. नऊ विक्रेत्यांशी बोलून भावांचा तक्ता दिला होता. संध्याकाळी संपादकांचा फोन आला, की सकाळपासून ईमेलवर आली तेवढी पत्रं मागच्या वर्षात कुठल्याच लेखाला आली नव्हती.

११ एप्रिल

लेखातले भाव तीन दिवसांत जुने झाले. लोक माळे उपसतायत. आवक वाढली की भाव उतरतात, असा साधा नियम. इथे मागणीच जास्त वाढली. मास्तरांच्या रंध्याला पन्नास हजारांपर्यंत विचारणा आहे. दिला नाही.

वहिनीला लेख नेऊन दाखवला. तिने पूर्ण वाचला, अगदी तक्त्यासकट. "छान लिहिता हो तुम्ही. तुमचे दादा तुमचं सदर रोज वाचायचे. सिमेंटचं काय करायचे देव जाणे."

मला हे माहीत नव्हतं.

२२ एप्रिल

कारखान्यात बसलो होतो. एक गृहस्थ चार दारांचं काम घेऊन आले. वहिनी म्हणाली, मोठी दारं मी सध्या घेत नाही, पलीकडच्या चौकात विचारा. मागच्या आठवड्यात तिने जेवणाचं टेबलही नाकारलं होतं. थकली असावी. छप्पन्न वय म्हणजे काही कमी नाही.

तिने आता हे सगळं बंद करावं, असं मला वाटतं. पाकिटांतल्या रकमा धरल्या तर अगदीच रिकाम्या हाताने राहावं लागणार नाही. तिला तसं सुचवलं.

"बघू," ती म्हणाली. तिचं सगळ्याला हेच उत्तर असतं.

६ मे

ग्रंथालयाच्या बाई कारखान्यात आल्या. मी तिथेच होतो. इमारत जुनी, अठ्ठावीस खिडक्या, सगळ्यांच्या खालच्या पट्ट्या कुजलेल्या. समितीत दोन तट आहेत. एक म्हणतो, सगळ्या काढा आणि धातूच्या बसवा. बाईंना ते नको आहे.

"तुमच्या मिस्टरांनी तीन वर्षांपूर्वी दोन खिडक्यांच्या वरच्या पट्ट्या केल्या होत्या," बाई म्हणाल्या. "कोणत्या दोन, ते आज मला सांगता येत नाही. मला तसं हवंय. महिनाअखेर एक खिडकी नमुना म्हणून बसवून दाखवा. समितीला पटली, तर वर्षभराचं काम तुमचं. नाही पटली, तर माझा नाइलाज आहे."

वहिनी हो म्हणाली. थकलेली वाटली नाही. बाई गेल्यावर म्हणाली, "भावजी, हे मिळालं तर मी हे बंद करणार नाही. आणि नाही मिळालं तर पुढच्या महिन्यात कुलूप. भाडं भरून बघू बघू म्हणत बसण्यात अर्थ नाही."

मग तिने पेटी उघडली. गेल्या दोन महिन्यांत मी आत पाहिलं नव्हतं. रंधे तीच काढून द्यायची, मी पाकीट आणून तिच्या हातात ठेवायचो. सात कप्पे रिकामे झालेत. प्रत्येकात माझं पाकीट आहे, बंद. ज्या रंध्याचे पैसे, त्याच्या कप्प्यात.

तिने नक्षीच्या रंध्याच्या कप्प्यातलं पाकीट उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"त्या खिडक्यांना तीच नक्षी आहे," ती म्हणाली.

"यंत्रावर होत नाही?"

"बाजारात मिळतात त्या पात्यांत हा आकार नाही. इमारत बांधली तेव्हा कोणीतरी तिच्यासाठीच हा रंधा केला असणार. तीन वर्षांत एकदाच लागला. पण तेव्हा दुसरा कुठलाच चालला नसता."

माझी कसोटी या बाबतीत अपुरी होती, असं नोंदवतो.

७ मे

डॉक्टरांकडे गेलो. माझा लेख त्यांनी चौकटीत घालून कपाटाशेजारी टांगलाय.

"परत? छे, छे. आणि तुम्हीच लिहिलंय की," त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं. "तीन नावं असलेला नक्षीचा, पंचेचाळीस हजार. विकायचाच नाही; विकला तरी तुम्हाला कमी कसं सांगू? तुमचाच अपमान व्हायचा."

उसना मागितला. लाकडाला लावणार म्हटल्यावर त्यांनी कपाटाची किल्ली खिशात टाकली.

१२ मे

चार दिवस लिहिलं नाही. दुसऱ्या बाजारांत चौकशी केली. नक्षीचे रंधे तीन मिळतात, पण आकार वेगळे. नवा करायचा तर वहिनी लाकूड घडवेल, पण पोलादाच्या पात्याला तो आकार देणारा माणूस मिळत नाही.

ही म्हणाली, "तुम्ही नुसते बाजारात काय फिरताय? जायचं तिथे जा की."

"गेलो होतो. देत नाहीत."

"पैशाने देत नाहीत," ही म्हणाली आणि पुस्तकांच्या कपाटाच्या वरच्या फळीकडे बघत राहिली. तिथे धूळ पुसायची आहे म्हणे.

१३ मे

अदलाबदल केली. मास्तरांचा न वापरलेला रंधा दिला आणि नक्षीचा घेतला. डॉक्टरांनी तेलकट कागद इतक्या हळू उलगडला, की बाहेर बसलेल्या पेशंटने आत डोकावून पाहिलं.

"खरंच एकदाही नाही वापरला?"

"एकदाही नाही."

"काय नशीब असतं एकेका रंध्याचं!" ते म्हणाले.

भावाचा विचार करता मी पाच हजारांनी खाली आलो. तरीही व्यवहार योग्य वाटला. कारण लिहिता येत नाही.

१४ मे

सकाळी रंधा वहिनीला दिला. तिने वरून काही पाहिलं नाही, घामाचा डागही नाही. उलटा केला आणि ग्रंथालयातून आणलेल्या जुन्या पट्टीवर त्याचं बूड ठेवून उजेडाकडे धरला. नक्षी अशी आहे : आधी फुगवटा, मग एक बारीक धारदार कड, मग खोलगट भाग. फुगवटा बसला. खोलगट भाग बसला. मधल्या कडेपाशी उजेडाची बारीक रेघ दिसत होती.

"कड कुठे गेली?"

मी सांगितलं. दोन पॉलिश पेपर, अर्धा तास.

तिने बुडावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "अर्धा तास? भावजी, कुठलंही हातकाम तुम्ही सलग अर्धा तास केलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय."

"डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही."

"कशाला येईल? कपाटात रंधा उभा असतो. बूड कोण बघतो!"

तिने पाचर सैल करून पातं बाहेर काढलं. "याला नाही ना घासलंत?"

"नाही. हाताला लागेल म्हणून."

"बरं झालं घाबरट आहात ते. आकार यात शिल्लक आहे." पातं तिने जुन्या पट्टीवर टेकवलं. उजेड कुठूनही येत नव्हता.

मग तिने काय करावं लागेल ते सांगितलं. कड गेली तिथे बुडात खाच पाडायची, टणक लाकडाची पट्टी सरसाने बसवायची आणि ती पात्याच्या आकाराला उतरवायची. दोन दिवसांचं काम.

"पण मग हा जुना राहणार नाही. असल्याचा भाव काय येतो?"

"निम्म्याच्याही खाली. कदाचित कोणी घेणारही नाही."

"मग? करू?"

प्रश्न मला का विचारला ते कळलं नाही. रंधा तिचाच होता. "कर," म्हणालो.

करवत लावण्याआधी तिने मला तो धरायला सांगितला. शेगड्याच्या लोखंडी पकडीत आवळला तर जुनं लाकूड तडकेल म्हणे. मी धरला. माझा अंगठा त्या काळ्या डागावर येत होता. दादाचा हात माझ्यापेक्षा मोठा होता.

१६ मे

पट्टी बसली. वहिनीने पहिला हात मारला. लाकडाची पातळ वळी निघाली आणि जमिनीपर्यंत लोंबली. दुसऱ्या हाताला फाटली. ती म्हणाली, अजून केसभर. पुन्हा पातं काढलं.

दुपारी विचारलं, "मी पहिल्यांदा मागितले, तेव्हाच 'नाही' का म्हटलं नाहीस?"

ती पातं दगडावर घासत होती. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा विचारणार होतो.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही परत आला असता?" ती म्हणाली. "अडीच वर्षं आला नव्हतात."

"आणि पाकिटं?"

"कप्पा रिकामा बघवत नाही."

२९ मे

खिडकी चार दिवसांपूर्वी बसवली. आज समिती पाहायला आली. पाच जण, त्यातले तीन धातूवाले. ग्रंथालयाच्या बाईंनी त्यांना सांगितलं, डोळे मिटा आणि पट्टीवरून बोट फिरवत जा. नवं लाकूड कुठे सुरू होतं तिथे थांबा. पहिले गृहस्थ पार टोकापर्यंत गेले. दुसरेही. तिसरे मध्येच थांबून "इथे" म्हणाले. ती जागा जुनी निघाली. मग ते हसले. वहिनी कोपऱ्यात पेन्सिल तासत उभी होती. पटाशी सोबत आणली होती.

काम मिळालं. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस.

पट्टीवरून बोट मीही फिरवलं. या खेपेला बोटाला काही लागलं नाही.

३० मे

कारखान्यात गेलो तर वहिनीने अक्षरं ठोकायच्या खिळ्यांचा डबा काढून ठेवला होता. रंध्याच्या तोंडाशी तीन नावांखाली थोडी जागा आहे.

"मावेल?" तिने विचारलं.

मी मोजलं. सदराचे मथळे बसवायची सवय आहे. मावत होतं. तिने तेहतीस वर्षं हा रंधा वापरलाय, हे मोजताना लक्षात आलं. नाव ठोकायचं कोणी तिला सुचवलं नसावं. मी धरला, तिने ठोकलं. शेवटचं अक्षर किंचित तिरकं गेलं.

"चालेल," ती म्हणाली. "ओळखू तरी येईल."

मग पेटीतली पाकिटं गोळा करून माझ्यापुढे ठेवली. सातही. "लांब रंधा आधी बघा. तो आला की दारं परत घेता येतील. बाकीचे जमतील तसे. आणि कुठलाही आणलात तरी घासू नका."

घरी येऊन वही चाळली. वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी त्याच पानावर खुलासा द्यायची पद्धत आहे. मी सव्वीस वर्षांत दोनदाच दिला. हा तिसरा.

दुरुस्ती : २२ एप्रिलच्या नोंदीत 'थकली असावी' असं छापलं गेलं आहे. ते चूक आहे. लांब रंधा १० मार्चला विकला होता.

ज्याने घेतला त्याला फोन केला. सात हजारांचा तो आता बावीसला सांगतोय. माझा लेख वाचलाय म्हणाला.

भाव चढे. खरेदी सुरू.